निळ्या दिव्याखालचा भोवरा

रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक काय काय घेऊन येतं, ते सांगितलं तर थाप वाटेल. कुणी भिंतीचा पोपडा काडेपेटीत घालून आणतं, कुणी शर्टाचं बटण आणतं. एका बाईंनी तर बादलीचा तुटलेला कान आणला होता आणि म्हणाल्या, "अगदी अस्साच हवा, बेडरूमला." मी ती वस्तू हातात घेतो, दारात जाऊन एकदा उन्हात बघतो, आत येऊन एकदा ट्यूबलाइटखाली बघतो आणि मशीनवाल्याला आकडे सांगतो. डबा उघडला की गिऱ्हाईक म्हणतं, "हाच!" एकतीस वर्षं माझं हेच चाललंय. मालक नव्या माणसांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "मशीन चुकेल, हा माणूस चुकणार नाही."

त्यामुळे माझं डोकं जरा चढलेलं आहे, असं बायकोचं म्हणणं. शेजाऱ्यांनी घर रंगवून बघायला बोलावलं, तेव्हा मी उंबऱ्यातूनच म्हणालो, "या दोन भिंतींत फरक आहे, दुसरा डबा वेगळ्या लॉटचा दिसतोय." पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. लेक लहानपणी चित्रं काढून आणायची. मी सांगायचो, पान एवढं हिरवं नसतं, यात पिवळा कमी पडलाय. ती चित्रं दाखवायची नेमकी कधी थांबली ते मला आठवत नाही. तेव्हा त्याचं मला काही वाटलंही नव्हतं, हे कबूल केलेलं बरं.

ती लेक आता जहाजावर इंजिनिअर आहे. यंदा तिला आठ महिन्यांची फेरी लागली आणि निघताना तिने बाहेरच्या खोलीतला फिश टँक माझ्या गळ्यात मारला. तोही साधा नव्हे, मिठाच्या पाण्याचा. पाण्यात मीठ किती, ऊब किती, रोज मोजायचं. दर पंधरा दिवसांनी चार बादल्या पाणी बदलायचं. समुद्रावर नोकरी करणाऱ्या मुलीला घरीही समुद्र कशाला लागतो, हे मी तिला अनेकदा विचारलंय. ती हसते.

मला वाटलं होतं, हे सगळं ती आईला सांगेल. पण नाही. मला टँकसमोर स्टुलावर बसवलं, एकेक गोष्ट तीनतीनदा करून घेतली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, भोवऱ्याकडे रोज बघा. काही वेगळं दिसलं तर लगेच मला सांगा."

टँकमध्ये मासे तसे पाचसहा होते, पण लक्षात राहावेत असे दोनच. एक लिंबू, म्हणजे नखशिखांत पिवळा, लांब तोंडाचा. दुसरा भोवरा. माझ्या तळहाताहून लहान, काळसर म्हणावा इतका गडद निळा आणि अंगावर पांढरी नि फिकी निळी वर्तुळं, एकात एक, शेपटीकडे लहान लहान होत गेलेली. हलला की फिरत्या भोवऱ्यासारखा दिसायचा. मी उभ्या जन्मात कुणाच्या रंगाला पैकीच्या पैकी मार्क दिले नाहीत. याला दिले. कुठे काही दुरुस्ती सुचवायला जागाच नव्हती.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. सकाळी उठून पडदा सारला तर लिंबू पिवळा नव्हताच. मळकट करडा, त्यावर तपकिरी डाग, ओल आलेल्या भिंतीसारखा. माझं धाबं दणाणलं. लेकीने अडीअडचणीला म्हणून एका ताईंचा नंबर दिला होता. त्या घरोघरचे, दवाखान्यांतले, ऑफिसांतले फिश टँक सांभाळतात. मी फोन करून असा काही आरडाओरडा केला की त्या हातातलं काम टाकून अर्ध्या तासात आल्या. आल्या आणि त्यांनी काय केलं? टँकचा दिवा लावला. पाच मिनिटांत लिंबू पिवळाधमक.

"काका, तो झोपेतून उठला हो," त्या म्हणाल्या. "अंधारात तो असाच होतो. घाबरला तरी होतो. डाग अंगावर आणले की दगडांत कुणाला दिसत नाही, म्हणून."

"मला वाटलं..."

"तुम्ही रंग बघितलात. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी भूक बघा. मग कल्ले शांत हलतायत का, पर उघडे आहेत का, डोळा स्वच्छ आहे का. अंगावर मिठासारखे ठिपके, कापसासारखी बुरशी, दगडाला अंग घासणं, कोपऱ्यात तोंड लपवून बसणं, यातलं काही दिसलं तर मला हाक मारा. नुसता रंग बदलला म्हणून मासा मरत नाही."

त्यांनी हे हसत सांगितलं आणि जाताना जिन्यातही हसत होत्या, ते मला वरपर्यंत ऐकू आलं. तेवढ्यावर मी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून या बाईला बोलवायचं नाही. एकतीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला 'रंग सगळ्यात शेवटी बघा' म्हणे!

दोन महिने झकास गेले. मी दुकानातून आलो की भोवरा काचेशी यायचा. मी बोट डावीकडे नेलं की डावीकडे, उजवीकडे नेलं की उजवीकडे. बायको म्हणायची, "माझ्या मागे एवढं कुणी फिरलं असतं तर मी धन्य झाले असते." 

आणि मग एका मंगळवारी, कामावर निघता निघता, मला त्याच्या शेपटीत पिवळा दिसला. अगदी बारीक, ब्रश धुताना राहून गेल्यासारखा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. मी दार उघडं टाकून परत आलो आणि काचेला नाक लावलं. पिवळाच होता. आठवड्याभरात शेपटीजवळचं सगळ्यात लहान वर्तुळ तुटलं. मग त्याच्या बाहेरचं. जिथे पांढरा होता तिथे मळका, पिवळट, कशातच नसलेला रंग यायला लागला. रेषा वाकड्यातिकड्या झाल्या. मला माहीत असलेला तो देखणा निळा विटत चालला होता आणि तो माझ्या हातात दिलेला होता.

"अहो, लेकीला सांगून टाका," बायको म्हणाली.

"काय सांगू? तुझा मासा मी खराब केला म्हणून?"

"पण खातोय बघा कसा. आजारी असता तर एवढं खाल्लं असतं का त्याने?"

"तुला रंगातलं काय कळतं?"

"रंगातलं नाही कळत. भुकेतलं कळतं," ती म्हणाली आणि आत गेली.

ती म्हणत होती ते खरं होतं. भोवरा बकासुरासारखा खात होता, अंगानेही वाढत होता. कल्ले संथ, पर ताठ, डोळा लख्ख. ताईंनी सांगितलेली एकही वाईट खूण नव्हती. पण माझा विश्वास माझ्या डोळ्यांवर, आणि डोळे म्हणत होते, रंग गेला. दुकानात मी रोज लोकांना सांगतो, भिंतीचा रंग आपोआप बदलत नसतो, आत ओल असते म्हणून बदलतो. एकदा तर मी कसल्याशा औषधाची बाटली घेऊन आलो. बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "विचारल्याशिवाय एक थेंब टाकायचा नाही." हा तिचा उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

लेकीचा फोन रविवारी दुपारी यायचा, तोही जहाजावर इंटरनेट असेल तर. चित्र अडखळत यायचं, पण ती न चुकता म्हणायची, "भोवऱ्याला दाखवा ना." आणि इथे मी माझी सगळी विद्या पणाला लावली. टँकच्या दिव्याला दोन बटणं आहेत, एक पांढऱ्या उजेडाचं, एक निळ्या. निळ्या उजेडात पिवळा मरतो, काळा दिसतो, हे रंगाच्या धंद्यात बालवाडीतलं ज्ञान. रविवारी बारा वाजले की मी पांढरं बटण बंद करायचो. उरलेल्या निळ्या उजेडात भोवरा पुन्हा गडद निळा, अंगावर फिकट रेषा. फोन जरा लांब धरायचा, हात थोडा हलवायचा, झालं.

"अगदी तसाच आहे," मी म्हणायचो.

"काहीच वेगळं नाही?"

"तसूभर नाही. मी असताना काय बिशाद आहे?"

ती "बरं" म्हणायची. दर रविवारी ते "बरं" थोडं थोडं बारीक होत गेलं. मला ते ऐकू आलं नाही, असं कसं म्हणू? ऐकू आलं होतं. मला वाटलं, कामाने थकली असेल.

असे साडेतीन महिने मी माझ्या पोटच्या पोरीला शेंडी लावत होतो. रोज सकाळी मासा जिवंत आहे का बघायला उठायचो. जिवंत असायचा, चांगला तगडा असायचा आणि आदल्या दिवसापेक्षा आणखी बदललेला असायचा. एकदा तर मला स्वतःचीच लाज वाटली. तो काचेशी आला आणि मी बोट पुढे केलं नाही, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका गुरुवारी दुकानात असताना लेकीचा मेसेज आला. "बाबा, मी ताईंशी बोलले. त्या शनिवारी भोवऱ्याला त्यांच्याकडे घेऊन जातील, त्यांच्याकडे मोठा टँक आहे. तुमची चूक नाही. वाईट वाटून घेऊ नका."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ओळखलं तिने! डोळ्यांत एवढी धूळ फेकूनही तिने ओळखलंच. समोर गिऱ्हाईक पडद्याची चिंधी घेऊन उभं होतं, त्याला मी जो आकडा सांगितला तो साफ चुकला. डबा उघडला तर वांगी रंग. मालक माझ्याकडे बघतच राहिले. चूक कबूल करून मी दुसरा डबा केला, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. एकच गोष्ट डोक्यात होती. परवा भोवरा जाणार, आणि यापुढे लेक माझ्या हातात काही देणार नाही.

शनिवारी ताई आल्या. झाकणाची बादली, जाळं, मीठ मोजायची नळी, सगळा सरंजाम. मी सवयीने पांढरं बटण बंद करून ठेवलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

"मुलीला फार काळजी लागलीय हो," ताई बाह्या सरसावत म्हणाल्या. "म्हणाली, पाच महिने झाले, भोवरा होता तसाच आहे, जराही बदलला नाही. मी म्हटलं, खाण्यात काही कमी पडत असेल किंवा टँक पुरत नसेल. वाढ खुंटली की रंग धरत नाहीत कधीकधी. आमच्याकडे मोठ्या टँकमध्ये बघू काय होतंय ते."

मी म्हणालो, "बदलला नाही म्हणून काळजी?"

"मग? एव्हाना निम्मा तरी बदलायला हवा होता. बघू तरी. अंधार काय करून ठेवलाय हा?"

आणि त्यांनी पांढरं बटण दाबलं.

भोवरा दगडाआडून बाहेर आला. गेल्या आठवड्यात मी त्याला पांढऱ्या उजेडात धड बघितलंच नव्हतं. वर्तुळं सगळी गेली होती. तोंडापासून शेपटीपर्यंत आडव्या रेषा, निळी, पिवळी, निळी, पिवळी, जणू कुणी श्वास रोखून एकेक ओढली होती. शेपटी सबंध पिवळी. डोळ्यावरून काळी पट्टी आणि तिच्या कडेला निळ्याची बारीक किनार. मानेकडे एकदोन ठिकाणी जुना पांढरा अजून अडकून होता, तेवढाच.

ताईंनी माझ्याकडे बघितलं, निळ्या बटणाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि ज्या बादलीतून मासा न्यायचा होता तिच्यावरच बसून पोट धरून हसायला लागल्या.

"काका," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवा बंद करून दाखवत होतात तिला?"

"मला वाटलं, हा चाललाय."

"चाललाय कुठे? वयात आलाय तो! हा मासा लहानपणी वर्तुळांचा असतो आणि मोठा होताना रेषांचा होतो. लहानपणचा आणि मोठेपणचा शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत हे सांगूनही पटत नाही. आणि टँकमध्ये इतका स्वच्छ बदललेला मी फार थोडा बघितलाय. मन लावून सांभाळलाय तुम्ही."

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा बाहेर आला. "पण मग तिने मला सांगितलं का नाही? मी रोज मरत होतो इथे!"

"ते मला काय विचारता? तिला विचारा." त्या उठल्या, जाळं गुंडाळलं, रिकामी बादली उचलली. दाराशी थांबून जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, "हवं तर मी सांगते तिला, पांढरा दिवा बिघडला होता म्हणून. काकांच्या लक्षात आलं नाही. विषय मिटेल."

मोठ्या मनाने दिलेली पळवाट होती. खोटं कशाला बोलू, मला ती एक मिनिट फार आवडली. मी बायकोकडे बघितलं. तिने नुसती भुवई वर केली. आमच्या घरात त्या भुवईपुढे अपील नाही.

"नको ताई," मी म्हणालो. "माझं मीच निस्तरतो."

रविवारी बाराला मी दोन्ही बटणं लावली. दाढी केली, का ते विचारू नका. पावणेएकला फोन वाजला. लेक डेकवर होती, तेलकट डांगरी अंगात, वाऱ्याने केस उडत होते.

"नेला का त्याला?" तिने पहिलं हेच विचारलं.

"नाही नेला. बाळ, आधी ऐकून घे. मी तुला साडेतीन महिने फसवलंय."

मी सगळं सांगितलं. मंगळवारचा बारीक पिवळा, तुटलेली वर्तुळं, दिव्याची बटणं, लांब धरलेला फोन. काही लपवलं नाही. मग फोन टँकशी नेला आणि हात हलू दिला नाही. भोवरा माणसाळलेला, आला थेट समोर, तिच्या चेहऱ्याएवढा होऊन.

पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, इंटरनेट गेलं. फोन वळवून बघितलं तर ती रडत होती आणि हसतही होती, लहानपणी गुडघा फुटल्यावर कुणी चिडवलं की हसायची तशी.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. आवाज मला हवा तेवढा कडक निघाला नाही.

"कारण मी सांगितलं असतं तर तुम्ही पुस्तकातला फोटो काढून शेड जुळवत बसला असता," ती म्हणाली. "मला वाटलं, या एका रंगाबद्दल तुम्हाला आधी काही माहीत नसावं. तो तुमच्या डोळ्यांसमोर बदलेल आणि तुम्ही फोन करून म्हणाल, अगं, बघ तरी हे काय झालंय! म्हणून तुमच्याकडे दिला, आईकडे नाही. मी दर रविवारी वाट बघायचे. दर रविवारी तुम्ही म्हणायचात, अगदी तसाच आहे."

एकतीस वर्षं लोकांना 'हाच' म्हणायला लावणारा मी, पोरगी काय मागत होती ते मला नेमकं समोर असून दिसलं नव्हतं. ती तिकडे वाट बघत बसली होती, आणि तिला तर सवय होती. लहानपणापासून होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "माशाचं नव्हे फक्त. तू चित्रं आणायचीस, तेव्हापासूनचं सगळं."

तिने बाहीने नाक पुसलं, अख्खी बाही वंगणाची, गालावर काळा फराटा उठला. मागून बायको म्हणाली, "अगं, तोंड पूस आधी!" आणि आम्ही तिघंही हसलो.

"बाबा, थांबा, फोन ठेवू नका," लेक म्हणाली. "तुम्हाला काहीतरी दाखवते."

तिने फोन फिरवला. कठड्यापलीकडे समुद्र होता, क्षितिजापर्यंत, दुपारच्या उन्हात. चित्र अडखळत होतं. माझ्या जिभेवर एका दमात चार आकडे आले, निळ्याचे तीन आणि त्यात कुठेतरी मिसळलेल्या हिरव्याचा एक. जीभ दातांत धरून मी ते गिळले.

"मला इथून नीट कळत नाहीये," मी म्हणालो. "तुला कसा दिसतोय, सांग."

आणि ती सांगायला लागली.